अग्निबाण, वायसर आणि मक्यातला घेवडा



पेरणी, फवारणी आणि खताची मात्रा यांवर बोलणारा माणूस आज अग्निबाणावर लिहायला बसला आहे, हे पाहून तुम्ही म्हणाल, की साहेबांना निवृत्तीचे वेध लागले. तसे ते लागलेही आहेत. पण गोष्ट भोर तालुक्यातल्या भोंगवलीची आहे. तिच्यात मका आहे, घेवडा आहे, फवारणीचा पंप आहे, ठिबकचे सामान आहे. तेव्हा हा माणूस शेती सोडून भलतेच काही सांगतो आहे, असे समजू नका.

भोर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे भाटघरचे धरण, झोडपणारा पाऊस आणि भाताची खाचरे येतात. ते पश्चिमेचे भोर. भोंगवली पूर्वेकडे आहे. इकडे पाऊस हात राखूनच पडतो. नोकरीच्या सुरुवातीला, १९९७ साली, हा भाग माझ्याकडे होता. मग बदल्या होत गेल्या, आणि आता शेवटची काही वर्षे पुन्हा याच तालुक्यात आलो.

ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका गुरुजींचा फोन आला. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले, म्हणून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला आणि २०२४ साली तो पहिल्यांदाच साजरा व्हायचा होता. गुरुजी म्हणाले, "साहेब, मुलांना पाण्याचा अग्निबाण करून दाखवायचाय. तुमच्याकडे काटा असलेला हवेचा पंप मिळेल का? आणि ठिबकचे जोड, वायसर असलं काही?"

मी म्हटले, "पंप देतो, पण एका अटीवर. मलाही त्यात घ्यायचं."

याला कारण आहे. १८ जुलै १९८० रोजी आपल्या देशाने श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हा आपला अग्निबाण सोडला आणि रोहिणी नावाचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडिलांच्या रेडिओवर ती बातमी ऐकली आणि डोक्यात भूत शिरले. दिवाळीत फटाक्यांची दारू काढली, पपईच्या देठाच्या नळीत भरली आणि गोठ्यामागे जाऊन पेटवली. नळी उडाली नाही, हातातच फुटली. उजव्या तर्जनीवरचा पांढरा डाग अजून आहे. वडिलांनी आधी हाताला तूप लावले आणि मग पाठीवर हात चालवला. म्हणून गुरुजींना पहिल्याच दिवशी सांगितले, दारूगोळ्याचे नाव काढायचे नाही. घरात मुले असतील तर तुम्हीही हे ध्यानात ठेवा. पाणी आणि हवा यांवर जे काम भागते, त्याला आग कशाला?

मुलांनी विचारले, पाण्यावर बाण कसा उडेल? मी त्यांना विहिरीवर नेले. मोटार चालू झाली की पाइपाचे मोकळे तोंड कसे सापासारखे मागे उसळते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पाणी पुढे फेकले जाते आणि पाइप मागे ढकलला जातो. अग्निबाणात याहून निराळे काही नाही. तो खाली वायू फेकतो आणि स्वतः वर जातो. आपण बाटलीत एक तृतीयांश पाणी घालायचे, वर हवा दाबून भरायची आणि तोंड एकदम मोकळे करायचे. नुसती हवा भरली तर बाटली फुस्स करते, कारण हवेचे वजन पाण्यापुढे अगदीच थोडे. गळ्यापर्यंत पाणी भरले तर ते ढकलायला हवाच उरत नाही. पाठीवरचा पंप मारणाऱ्याला हे चटकन कळते. टाकी काठोकाठ भरली तर दाब धरत नाही, तसेच हे.

पण साधी बाटली उडवण्यात मला गोडी नव्हती. मी म्हटले, करायचा तर एसएलव्ही-३ करू, मापात.

आता मापे ऐका. खरा एसएलव्ही-३ सुमारे २२ मीटर उंच होता आणि त्याचे वजन १७ टन, म्हणजे उसाने भरलेल्या ट्रकाएवढे. एवढ्या धुडाने वर काय नेले? ३५ किलोचा उपग्रह. युरियाची गोणीसुद्धा ४५ किलोची असते. एकावर एक असे चार टप्पे होते आणि चारही घन इंधनाचे. पहिला टप्पा १० मीटर लांब आणि १ मीटर जाड. दुसरा ६.४ मीटर लांब, ८० सेंटिमीटर जाड. तिसरा २.३ मीटरचा आणि चौथा दीड मीटरचा. आम्हाला मिळालेली सोड्याची सव्वा लिटरची बाटली ९ सेंटिमीटर जाड होती. म्हणून एक मीटरला ९ सेंटिमीटर असे प्रमाण धरले. मूळच्या अकराव्या हिश्शाचा आमचा बाण दोन मीटर उंच भरला. गुरुजींपेक्षा हातभर उंच.

बाटली घ्यायची ती सोड्याचीच, बरं का. नुसत्या पाण्याची बाटली पातळ असते, दाबाने फाटते. सोड्याच्या बाटलीला आतल्या वायूचा दाब सोसायची सवय असते. तरी आम्ही काटा ६० पौंडांच्या वर जाऊ दिला नाही, आणि बाटलीवर ओरखडा दिसला की ती बाद.

बाटली तळाला. तिच्यावर पुठ्ठ्याच्या आणि जाड कागदाच्या नळ्या खळीने चिकटवत चढवायच्या. हे काम सातवीतल्या एका मुलीने हातात घेतले. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. अंगाने काटकुळी, बोलणे मोजके, आणि प्रत्येक माप दोनदा घ्यायची. मी एकदा म्हटले, "अगं, पट्टी काय खोटं बोलते का?" तर म्हणाली, "आमचे आबा म्हणतात, एकदा मोजलेलं माप आपलं नसतं." मी हसलो आणि विसरून गेलो.

याच मुलीने एक गंमत पकडली. कागदावरची मापे वाचून म्हणाली, "सर, तिसरा टप्पा दुसऱ्याच्या वर बसतो, तरी दुसऱ्यापेक्षा जाड आहे." खरेच आहे. दुसरा ८० सेंटिमीटर आणि तिसरा साडेएक्याऐंशी. आमच्या प्रमाणात हा फरक दीड मिलिमीटरसुद्धा भरत नव्हता. पण तिने तिसऱ्या नळीवर कागदाचे जादा वेढे दिले आणि बोट फिरवून तो उंचवटा लागतो का ते पाहिले. शाळेचा व्हरांडा, बाहेर श्रावणाची भुरभुर, खळीचा वास, आणि ही पोरगी डोळे मिटून नळीवर बोट फिरवते आहे. असे काम सरकारी नोकरीत फार वेळा पाहायला मिळत नाही.

काम चालू असताना मी मुलांना गोष्टी सांगत असे. १९६३ साली केरळात थुंबा इथून पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकेकडून आणलेला होता. त्या काळात अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेत, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे ॲपल नावाचा उपग्रह १९८१ साली वर गेला. त्याआधी त्याची चाचणी चक्क बैलगाडीवर ठेवून घेतली होती, कारण लोखंडी वाहनाने संदेशलहरींत अडथळा आला असता. बैलगाडीचे ऐकून मुले खूश. पुण्याचे प्रमोद काळे हे थुंब्याच्या अगदी पहिल्या तुकडीतले. आणि घन इंधनाच्या कामात आघाडीवर होते पुण्यातच जन्मलेले वसंतराव गोवारीकर. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारे रबरासारखे चिकट द्रव्य, असे ते इंधन. एसएलव्ही-३ उडाला तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक तेच होते. आपल्याला त्यांची आठवण हवी ती आणखी एका कारणासाठी. १९८८ पासून मोसमी पावसाचा अंदाज १६ घटकांवरून वर्तवला जाऊ लागला, तो त्यांच्याच पुढाकाराने. आणि उतारवयात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ग्रंथ लिहिला तो कशावर, तर खतांवर! खतांचा कोश. अग्निबाणाचे इंधन करणारा माणूस युरिया आणि सुपर फॉस्फेटवर लिहितो, याचा मला कृषी पदवीधर म्हणून उगाचच अभिमान वाटतो.

आणखी एक गोष्ट मी मुलांना मोठ्या रंगात येऊन सांगितली होती. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८० च्या यशाआधी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले होते. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळण्यासाठी जे तीव्र नायट्रिक आम्ल होते, ते एका झडपेतून गळून गेले. अग्निबाण पाच मिनिटांच्या आसपास टिकला आणि बंगालच्या उपसागरात पडला. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. त्यांनीच पुढे कितीदा तरी सांगितले आहे, की उड्डाणाच्या आधी संगणकाने थांबायला सांगितले होते. तज्ज्ञ म्हणाले, साठा पुरेसा आहे, काळजी नको. आणि त्यांनी संगणकाला बाजूला सारून बाण सोडला. त्यानंतर पत्रकारांना तोंड द्यायला कोण गेले? कलाम नव्हेत. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतले. वर्षभराने यश आले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे पाठवले.

मुले ऐकत होती. मीही स्वतःचेच बोलणे मोठ्या समाधानाने ऐकत होतो.

आता आमच्या झडपेची कथा. सोडायचे यंत्र आम्ही अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे केले. तो पाइप सोड्याच्या बाटलीच्या तोंडात नेमका बसतो. त्यावर रबरी वायसर, खालून सायकलच्या ट्यूबचा वाल्व. बाटलीच्या गळ्याला जे कडे असते, त्यावर यू आकाराची जाड तार अडकवायची. तारेला तीस फूट दोरी. दोरी ओढली की तार निघते आणि बाण मोकळा. पहिल्या दिवशी २० पौंडांवरच फसाफस पाणी गळू लागले. फवारणी पंपाचे वायसर बदलून बदलून माझी उमर गेली, पण हे काही जमेना. शेवटी त्याच मुलीने दोन पातळ वायसर एकावर एक बसवून ग्रीस लावले आणि गळती थांबली. पंपावर तुम्हीही हे कधी करून पाहा.

२२ तारखेला बाण रंगवून उभा राहिला. पांढराशुभ्र, टोकदार, तळाला चार छोटी पंखे, छायाचित्रातल्यासारखी. संध्याकाळी ती पोरगी माझ्याजवळ आली.

"सर, हा मागं जड आहे. पाणी भरल्यावर आणखी जड होईल. पुस्तकात लिहिलंय, मध्यावर दोरी बांधून डोक्याभोवती फिरवून बघायचा. टोक पुढं राहिलं तर सरळ जातो, नाहीतर कोलांटतो."

मी म्हटले, "काय करावं म्हणतेस?"

"टोकात थोडी माती घालू. आणि मागची पंखं मोठी करू."

"खऱ्याला एवढीच आहेत. मापात केलंय ना आपण? मग मापात राहू दे. आणि फिरवताना सांधे निखळले, तर उद्या काय दाखवणार?"

ती गप्प बसली. मला वाटले, पटले.

तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. खऱ्या अग्निबाणाला दिशा सांभाळायला आतून वेगळी यंत्रणा असते, तो नुसत्या पंखांवर विसंबून नसतो. आमच्या कागदी बाणाला पंखांशिवाय आधार कुठला? वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याचा जोर मागे असेल तरच तो तिरासारखा जातो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण दोन मीटरचा देखणा बाण उभा होता, सकाळी पाहुणे यायचे होते, आणि सातवीतल्या मुलीने मला शिकवावे, हे कुठेतरी टोचले.

२३ तारखेला शाळेचे मैदान भरले. पावसाने उघडीप दिली होती. सरपंच, आया-बाया, म्हातारी माणसे, सगळी. मुलांनी उलटे आकडे मोजले. दोरी ओढली. फर्रकन पाण्याचा लोट आला, बाण घरभर उंच गेला, आणि तिथेच त्याने कोलांटी घेतली. वळला, आडवा झाला आणि सरळ चिखलात टोक खुपसून मोडला. पहिला आणि दुसरा टप्पा बाटलीसकट एकीकडे, तिसरा-चौथा दुसरीकडे. हसू पिकले. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, पडलं की वो!"

ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "मंडळी, जमीन ओली आहे, त्यामुळे यंत्र जरा कललं. शिवाय मुलांची पहिलीच वेळ, जोडणीत थोडी कसर राहिली असेल. प्रयत्न महत्त्वाचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलीने माझ्याकडे पाहिले नाही. ती चिखलातली नळी उचलत होती. तिच्याबरोबर एक म्हातारा वाकून तुकडे गोळा करत होता. धोतर, डोक्याला टापर. त्याने मान वर केली आणि मी त्याला ओळखले.

वाचकहो, इथे मला १९९७ सालात जावे लागेल. तेव्हा मी नवा होतो, मोटारसायकल नवी होती आणि पुस्तके तर फारच नवी होती. या गृहस्थांनी तीस गुंठ्यांत मका पेरला होता. तणाने बेजार झाले होते. मी मक्यासाठी ॲट्राझीन सांगितले, पेरणी झाल्यावर उगवणीच्या आधी मारायला. शिफारस बरोबर होती. निघताना ते मोटारसायकलच्या मागे चालत आले आणि म्हणाले, "सायेब, ह्यात घेवडा टोकलाय. त्याला चालंल न्हवं?" मला पुढच्या गावी बैठक होती. मी म्हणालो, "पुस्तकात मक्याला दिलंय, बिनधास्त मारा."

ज्याला ठाऊक आहे, त्याने कपाळावर हात मारला असेल. ॲट्राझीन मका पचवतो, घेवडा पचवू शकत नाही. घेवडा उगवला, पाने कडेने पिवळी पडली, वाळली, आणि पंधरा-वीस दिवसांत मक्याच्या ओळींत घेवड्याचे नाव उरले नाही. मला पाहणीला पाठवले. अहवालात नुकसानीचे कारण लिहायचे असते. मी लिहिले, 'शेतकऱ्याने शिफारशीपेक्षा जास्त मात्रा वापरली.' एका ओळीने माझी सुटका झाली. नवी नोकरी होती, लग्न ठरत होते, ही सगळी कारणे आहेत. पण ती ओळ खोटी होती. गावात मात्र तीच खरी ठरली.

त्या संध्याकाळी घरी जाताना डोक्यात धवनसाहेब होते. चार दिवसांपूर्वी मीच मुलांना ती गोष्ट रंगवून सांगितली होती. आणि ध्वनिक्षेपक हातात आल्यावर मी काय केले, तर ओली जमीन आणि मुलांची कसर! सत्तावीस वर्षांत माझी लेखणी काही बदलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. सातवीच्या वर्गात उभा राहून सांगितले, की बाण पडला तो माझ्यामुळे. या मुलीने आदल्या दिवशी सांगितले होते, मी ऐकले नाही. जमिनीचा संबंध नव्हता आणि तुमची कसर नव्हती. मुले गोंधळली, साहेब असे बोलतात याची त्यांना सवय नसते. ती मुलगी मात्र लगेच म्हणाली, "मग आता माती घालायची ना?"

शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेलो. आबा अंगणात दावे वळत बसले होते. चहा झाला. मी विषय काढला. काय बोललो ते शब्द आठवत नाहीत, पण अहवालातली ओळ सांगितली आणि ती खोटी होती, हेही सांगितले. औषध तुम्ही बरोबर मारले होते, चूक माझ्या सल्ल्यात होती.

आबा दावे वळायचे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

"म्हंजी माप बरोबर व्हतं माझं?"

"बरोबर होतं."

"दोनदा मोजलं व्हतं मी. हिला पण दावलं व्हतं," त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आजींकडे बोट केले. "मागनं समदी म्हनाय लागली, आबानं औषद जादा वतलं. मग मलाच वाटाय लागलं, कुठंतरी चुकलं आसंल. तवापासनं औषदाला हातच न्हाई लावला. हिनं आन् मी खुरप्यानं काढलं समदं तण."

आजी दारातूनच म्हणाल्या, "सत्तावीस वरसं," आणि आत गेल्या.

मी नुकसानभरपाईचे बोललो. ते नको म्हणाले, उलट जरा चिडले. मग म्हणाले, "त्ये जाऊ द्या. पन परवा सरपंचाम्होरं बोललात ना भोंग्यावर, तसं ह्येबी येकदा भोंग्यावर बोला."

बोललो. पुढच्या ग्रामसभेत उभा राहून बोललो. फार अवघड गेले, आणि लोकांना ते फारसे महत्त्वाचे वाटले असेही नाही. दोघे-तिघे मोबाइलमध्ये पाहत होते. पण आबांच्या वयाची माणसे ऐकत होती.

बाणाचे काम सुगीनंतर पुन्हा धरले. या वेळी मी सांगेल ते काम करणारा गडी होतो. टोकात ओल्या शाडूचा लिंबाएवढा गोळा बसवला. तळाच्या चार पंखांना दुसऱ्या बाटलीच्या पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पंखे जोडली. लांबून ती दिसत नाहीत, मापाला बाध येत नाही आणि वारा मात्र धरतात. ही युक्ती तिचीच. मग बाण तोलून, मध्यावर दोरी बांधून तिने तो डोक्याभोवती गरगर फिरवला. पहिल्यांदा शेपूट पुढे आले. आणखी माती घातली. चौथ्या खेपेला टोक पुढे राहिले आणि तसेच राहिले.

नोव्हेंबरात आबांच्या मका काढलेल्या वावरात मांडामांड झाली. पाहुणे नव्हते. वर्गातली मुले, गुरुजी, मी आणि घरची माणसे. सगळ्यांना दहा मीटर लांब उभे केले. पाणी ओतायची वेळ आली तेव्हा आबा पुढे झाले. "माप म्या घालतो." औषधाचे जुने मापपात्र त्यांनी घरातून धुऊन आणले होते. चारशे मिलिलिटर. भरले, डोळ्यासमोर धरले, परत पात्रात ओतून पुन्हा पाहिले आणि मग बाटलीत सोडले.

काटा ५५ वर आला. नातीने दोरी ओढली.

या वेळी तो वळला नाही. पाण्याचा पांढरा झोत जमिनीवर आपटला आणि दोन मीटरचा तो कागदी एसएलव्ही-३ सरळ वर गेला. पाणी अर्ध्या सेकंदात संपले असेल, पण बाण चढतच होता. वर क्षणभर थांबल्यासारखा झाला, टोक खाली केले आणि आला. एका मुलाने पंचवीस मीटरवर उभे राहून कोनमापकाने कोन घेतला होता. हिशेब केला तर उंची सुमारे २० मीटर निघाली. खरा रोहिणीला घेऊन ३०० किलोमीटरच्या वर गेला होता, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मुलांनी जो ओरडा केला, तो शिवेपर्यंत गेला असेल.

वाऱ्याने बाण थोडा पूर्वेला वाहवला आणि शेजारच्या कांद्याच्या रोपवाटिकेत पडला. तिथल्या बाई खुरपे घेऊनच बांधावर आल्या.

"कुनी टाकलं ह्ये माझ्या वाफ्यात?"

मी पुढे झालो. आबा हसायला लागले. मुलगी माझ्या आधीच वाफ्याशी बसून मोजत होती. मग तिने वही काढली, उंची लिहिली, पाणी लिहिले, दाब लिहिला, आणि खाली लिहिले, 'कांद्याची रोपे मोडली - अकरा.' आणि पुन्हा एकदा मोजायला वाकली.